नोकरी सोडून कॅमेऱ्यासमोर: राजीनामा कधी द्यायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत बारा वर्षं नोकरी करणाऱ्या, ३५ वर्षांच्या एक वाचक लिहितात. कॉलेजात एकांकिका केल्या, कौतुक झालं. मग नोकरी, लग्न, मुलगी (आता सहा वर्षांची), आणि नाटक सुटलं. गेल्या वर्षी ओळखीतून एका जाहिरातीत आईचं छोटं काम मिळालं. दिग्दर्शक म्हणाले, "इतके दिवस होतात कुठे?" तेव्हापासून ऑफिसात जीव रमत नाही. मीटिंगमध्ये बसल्यावर दुसऱ्याचंच आयुष्य जगतोय असं वाटतं. मार्चमध्ये राजीनामा देऊन मुंबईत खोली घ्यायची, असं ठरवत आणलंय. नवरा म्हणतो, "एक वर्ष देतो. नाही जमलं तर परत नोकरी." सासूबाई एवढंच म्हणतात, "या वयात?" घराचा हप्ता चालू आहे. त्यांचे प्रश्न दोन: उडी मारू का? आणि ऑफिसात काय सांगू?

*

जाहिरातीच्या त्या एका दिवसावर तुम्ही जवळजवळ अर्धं पत्र लिहिलंय. उरलेल्या अर्ध्यात बारा वर्षांची नोकरी, संसार, मुलगी, कर्ज असं सगळं उरकलंय. तो दिवस तुमच्या आत किती खोल गेलाय, ते एवढ्यावरूनच कळतं. त्याला मी खूळ म्हणणार नाही. पस्तिशीत एखादी गोष्ट माणसाला इतकं हलवते तेव्हा तिची नीट चौकशी करायला हवी.

म्हणून तो दिवस पुन्हा डोळ्यांसमोर आणा. काम ओळखीतून चालून आलं. घ्यायला गाडी आली, कपडे इस्त्री होऊन टांगलेले होते, संध्याकाळी कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी पगाराची नोकरी होतीच, त्यामुळे 'आता पुढचं काम कधी?' हा प्रश्न तुमच्या मनाला शिवलाही नाही. अभिनयावर पोट असणाऱ्या माणसाच्या वर्षात असे दिवस येतात, पण थोडे. बाकीचे काम शोधण्यात जातात. तुम्ही शूटिंगच्या प्रेमात पडला आहात हे पत्रावरून दिसतं. नटाच्या रोजच्या कामावर तुमचं प्रेम बसेल का, हे अजून तुम्हालाही ठाऊक नाही, कारण ते काम तुम्ही पाहिलेलंच नाही.

ऑडिशनच्या खोलीत समोरून क्यू देण्याचं, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचण्याचं काम मी काही वर्षं केलंय, म्हणून तिथलं सांगते. वर्सोव्याला आराम नगरात जुन्या बंगल्यांमधून कास्टिंगची ऑफिसं आहेत. बाहेर ओळीने बसलेल्या बायका, बऱ्याचशा तुमच्याच वयाच्या, तुमच्याच बांध्याच्या, साधारण सारख्याच कुर्त्यात, कारण निरोपच तसा गेलेला असतो. हातात दीड पानाचा सीन, ओठ हलतायत. आत पंखा बंद, त्याचा आवाज रेकॉर्ड होतो म्हणून. आधी कॅमेऱ्यात बघून नाव, वय, उंची सांगायची, मग डावा-उजवा प्रोफाइल दाखवायचा. मग माझ्यासारखं कुणीतरी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून समोरच्या पात्राची वाक्यं वाचतं. नवरा, सासू, पोलीस, सगळे एकाच सपाट सुरात. त्या सपाट आवाजाला तुम्ही खरं उत्तर द्यायचं. चार-पाच मिनिटांत तुम्ही बाहेर. पुढे बहुतेकदा काहीच कळत नाही. 'नाही' असा निरोपसुद्धा येत नाही. काम उत्तम होऊनही भूमिका हुकते, कारण नायकाची उंची कमी असते, किंवा मुलीचं काम करणारी नटी तुमच्यासारखी दिसत नाही, किंवा चॅनेलला ओळखीचा चेहरा हवा असतो.

त्या खोलीत येणारी एक नटी मला अजून आठवते. टेक सुरू होण्याआधी ती म्हणायची, "तू जरा खाली बसतेस का? माझा नवरा या वेळी खुर्चीत असेल." एवढ्या एका विनंतीने तिची नजर योग्य उंचीवर यायची आणि माझ्या सपाट वाचनातूनही समोर माणूस बसलाय असं वाटायला लागायचं. तिला सगळीच कामं मिळायची असं मुळीच नाही. पण ऑडिशन हेच तिचं त्या दिवसाचं काम असायचं, आणि ते ती मनापासून करून जायची. निकालाची वाट बघत बसणारे लोक वर्ष-दोन वर्षांत थकून दिसेनासे झाले. ती येत राहिली.

हे सगळं तुम्हाला झेपतं का, आणि झेपण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आवडतं का, हे तपासायला राजीनामा लागत नाही. तुम्ही मात्र असं धरून चाललाय की नोकरी आहे म्हणून अभिनय अडलाय. बारा वर्षं खरंच नोकरीनेच अडवलं का? की मुलगी लहान होती, तालमीला जायचं तर घरी कोण थांबणार हा प्रश्न होता, आणि कुणी बोलावलंही नव्हतं? कारण यातलं दुसरं किंवा तिसरं असेल, तर राजीनाम्यानंतरही ते तसंच राहील.

आपल्याकडचं प्रायोगिक आणि हौशी नाटक उभं राहिलं तेच मुळी नोकरदारांच्या जिवावर. बँकेतले, विमा कंपनीतले, सरकारी खात्यातले लोक ऑफिस सुटल्यावर डबा खाऊन तालमीला बसायचे, आणि आजही बसतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. चाळिशी उलटल्यावर, १९६९ मध्ये, ते पूर्णवेळ नट झाले. आपण ती उडी सांगतो. त्याआधी पुण्यात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) आणि मुंबईत रंगायन या नाट्यसंस्थांबरोबर, डॉक्टरकी सांभाळून त्यांनी जी नाटकं केली त्यांच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात वर्षानुवर्षं नोकरी करत होते आणि त्याच काळात दिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या नाटकांतून घडत होते. डॉ. मोहन आगाशे तर मानसोपचाराचं अध्यापन आणि अभिनय दोन्ही करत राहिले. या सगळ्यांची नोकरी सुटली किंवा टिकली तेव्हा अभिनय आधीच जागेवर होता.

ही तिन्ही नावं पुरुषांची आहेत, आणि ते तुमच्या लक्षात आलंच असेल. रात्री अकरापर्यंत तालीम करून येणाऱ्या पुरुषाच्या गोष्टीत मुलांना कुणी जेवू घातलं, हे कुणी विचारत नाही. तुम्हाला मात्र ते पहिल्या दिवसापासून विचारलं जाणार. म्हणून या उदाहरणांतून धीर घ्या, पण त्यांचं वेळापत्रक उचलू नका. तुमचं वेळापत्रक तुमच्या घरात कोण काय करणार यावरून ठरेल, आणि ते बोलणं राजीनाम्याच्याही आधी व्हायला हवं.

आता बारा वर्षांच्या कॉर्पोरेट नोकरीबद्दल. तुम्ही त्यांना 'वाया गेलेली' म्हटलंय. मला तसं वाटत नाही, पण ती वर्षं तुम्हाला नडतीलही आणि तारतीलही. नडतील अशी: कामाच्या ठिकाणी आपण उत्तर घेऊन खोलीत शिरायला शिकतो. प्रेझेंटेशन आधी घोटून जायचं, प्रत्येक वाक्य पूर्ण आणि स्पष्ट बोलायचं, समोरचे खूश आहेत ना यावर एक डोळा ठेवायचा. हीच सवय घेऊन माणूस कॅमेऱ्यासमोर आला की प्रत्येक हातवारा घरी ठरवून आणतो. मग दिग्दर्शक म्हणतो, "हेच भांडण आता कुजबुजत करा, बाळ झोपलंय," आणि सगळं कोसळतं. मालिकेचे सीन तर अनेकदा त्याच सकाळी हातात पडतात. घोटायला वेळच नसतो. समोरच्याचं ऐकायचं आणि त्यातून जे येईल ते येऊ द्यायचं, ही वेगळीच शिस्त आहे, आणि ती वयाच्या कुठल्याही टप्प्यावर शिकावी लागते.

आणि तारतील ती अशी. मीटिंगमध्ये राग आला तरी चेहरा शांत ठेवायला तुम्ही शिकलात. पडद्यावरच्या अभिनयाचा मोठा भाग हाच आहे. पात्र काहीतरी दडवतंय हे दिसायला हवं, आणि काय दडवतंय याचा अंदाजही यायला हवा. तुमच्याकडे त्याचा बारा वर्षांचा साठा आहे. वेळेवर पोचणं, दिलेला मजकूर नीट वाचणं, थकल्यावरही चूक न करणं, हेही सेटवर सोन्याच्या मोलाचं. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र टिपताना, कपाची बशी नेमक्या कुठल्या शब्दावर उचलली हे चार तासांनी क्लोजमध्ये, फक्त चेहरा टिपताना, तस्सं आठवावं लागतं. आणि कॅमेरा समोरच्या नटावर असताना, तुमचा खांदाही दिसत नसताना, त्याला तितक्याच खरेपणाने क्यू द्यावा लागतो. पहाटे कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ असते, मेकअप करून तयार होऊन तुम्ही बसता आणि पहिला शॉट दुपारी चारला लागतो. नवख्यांची दमछाक अभिनयापेक्षा या बसण्याने जास्त होते.

वयाचं बोलू. सासूबाईंचं "या वयात?" तुम्हाला लागलंय, पण तुम्हीही पत्रात दोन ठिकाणी 'आता नाही तर कधीच नाही' म्हणता. दोघींनी एकच गोष्ट गृहीत धरलीय. नायिका व्हायचं असेल तर उशीर झालाय, यात शंका नाही. पण जाहिरातींना तरुण आई सतत लागते. वेब सिरीज आणि सिनेमांना वकील, डॉक्टर, इन्स्पेक्टर, शिक्षिका, मोठ्या हुद्द्यावरची बाई लागते, आणि या भूमिकांना खरं आयुष्य पाहिलेला चेहरा हवा असतो. बोमन इराणी सिनेमात स्थिरावले ते चाळिशी ओलांडल्यावर. चाळिशी-पन्नाशीच्या भूमिकांसाठी तुमच्याकडे पुढची पंधरा-वीस वर्षं आहेत. घाई तुम्हाला कुणीही केलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की मार्चमध्ये राजीनामा देऊ नका. मार्चपासून काम सुरू करा.

सगळ्यात आधी एखाद्या नाट्यसंस्थेत शिरा. पत्रात तुम्ही म्हणता, "नाटक हा लांबचा रस्ता, मला थेट कॅमेरा हवा." पण बारा वर्षं गंजलेली हत्यारं परजायला तालमीइतकी स्वस्त आणि कडक जागा दुसरी नाही. पुण्यात राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्या तालमी संध्याकाळीच असतात, आणि त्यांना नोकरी करणारे लोक नवीन नाहीत. कॅमेऱ्याचं तंत्र शिकायचं तर पुण्यातल्याच एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेचे अभिनयाचे छोटे अभ्यासक्रम असतात, ते बघा. कोर्सनंतर कामाची हमी देणाऱ्या ठिकाणी मात्र फिरकू नका. ती हमी देणं कुणाच्याच हातात नाही.

दुसरं म्हणजे घरी आठवड्याला एक सेल्फ टेस्ट, म्हणजे स्वतःच फोनवर चित्रित केलेली ऑडिशन. साधी भिंत, फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून. क्यू देणाऱ्याला कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभं करा आणि हळू आवाजात वाचायला सांगा, नाहीतर त्याचाच आवाज तुमच्या आवाजाच्या वर येतो. महिन्यानंतर पहिला व्हिडिओ काढून बघा. हल्ली पहिली चाळणी बहुतेक अशा घरून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते, त्यामुळे पुण्यात राहून ती तुम्हाला गाठता येते. फोटो साधे काढा, भडक मेकअप नको. कास्टिंगवाल्यांना तुम्ही सोमवारी सकाळी कशा दिसता ते बघायचं असतं.

कामं निवडताना जाहिराती, कंपन्यांच्या प्रशिक्षणाच्या फिल्म्स, लघुपट, डबिंग, ऑडिओबुक यांपासून सुरुवात करा. ही एक-दोन दिवसांची किंवा संध्याकाळची कामं आहेत, रजा टाकून होतात. रोजच्या मालिकेतली मोठी भूमिका नोकरीबरोबर होणार नाही, तो विचारही आत्ता नको. बारा तासांची शिफ्ट, त्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून मीरा रोडपर्यंत कुठेही सेट, आणि महिन्याचे बहुतेक दिवस त्यांचे. ते पुढे कधी आलं तर तेव्हा त्याचा वेगळा हिशेब मांडू. आणि यातलं पैशांचं पहिलं काम घेण्याआधी स्वतःचं नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरचं काम करायला लेखी परवानगी लागते असं कलम बऱ्याच कंपन्यांच्या पत्रात असतं. परवानगी मागा. चोरून केलेली जाहिरात टीव्हीवर दिसतेच.

एक सावधगिरीची गोष्ट, तुमच्यासारख्याच वाटेवर असलेल्या सगळ्यांसाठी. ऑडिशनचे, 'रजिस्ट्रेशन'चे, आर्टिस्ट कार्डाचे, पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा याचे पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. नटांना काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो ते मिळालेल्या पैशातून, आधी नाही. जाहिरातीच्या करारात आकड्याच्या खालचा मजकूर वाचा: किती मुदत, कुठल्या माध्यमांत, कुठल्या प्रदेशात तुमचा चेहरा वापरणार, आणि त्या काळात प्रतिस्पर्धी ब्रँडचं काम करायला बंदी आहे का. थोड्या पैशात तीन वर्षं अडकलेल्या नट्या मला ठाऊक आहेत. 'कॉम्प्रोमाइज' हा शब्द कुणी उच्चारला तर तो मेसेज जपून ठेवा आणि तिथून निघा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा तुमच्या ऑफिसाइतकाच शूटिंगलाही लागू आहे.

नवऱ्याचं "एक वर्ष देतो" मला खटकलं, आणि ते वाक्य वाईट मनाने आलेलं नाही हेही कळलं. हप्ता त्यांच्या एकट्यावर येणार आहे, त्यांना कुठेतरी शेवट दिसायला हवाय. पण या धंद्यात एका वर्षाने काहीच सिद्ध होत नाही. वर्षभर नुसत्या ऑडिशन देऊन तेराव्या महिन्यात चांगली भूमिका मिळालेले लोक आहेत, आणि पहिल्याच महिन्यात मालिका मिळून नंतर दोन वर्षं घरी बसलेलेही आहेत. बाराव्या महिन्याकडे डोळे लावून दिलेली ऑडिशन घाबरी होते, आणि ती भीती कॅमेऱ्यात दिसते. तारखेऐवजी खुणा ठरवा, दोघांनी मिळून. एकाच कास्टिंग ऑफिसने तुम्हाला स्वतःहून पुन्हा पुन्हा बोलावणं ही एक खूण. ओळखीशिवाय मिळालेली पैशांची कामं ही दुसरी. सलग दोन वर्षं अभिनयातून घरखर्चाचा ठरावीक भाग निघणं, तिसरी. यातल्या किती दिसल्या की नोकरी सोडायची, आणि किती काळ एकही दिसली नाही तर अभिनय हौस म्हणून ठेवायचा, हे कागदावर लिहा. त्याच कागदावर शूटिंगच्या दिवशी मुलीला शाळेतून कोण आणणार, तेही लिहा.

आणि तो दिवस आलाच, तर पैशांची ही कामं आधी उरका. दीड वर्षाचा घरखर्च, हप्त्यासकट, बाजूला हवा. मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, म्हणजे काम मिळालं तरी पहिले तीन महिने हात रिकामाच. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर जाईल. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. कर्जात काही फेरफार करायचे असतील तर तेही पगाराच्या स्लिप आहेत तोवर करा. स्वतंत्र व्यावसायिकाला बँक आधी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. पीएफ मोडू नका. बारा वर्षांची सेवा याच कंपनीत झाली असेल तर ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे, ती मागून घ्या. मुंबईतली खोली अगदी शेवटी, तिथलं काम नियमित व्हायला लागल्यावर.

तुमचा दुसरा प्रश्न, ऑफिसात काय सांगू. आत्ता फक्त परवानगीपुरतं सांगा आणि सहकाऱ्यांमध्ये घोषणा करू नका, नाहीतर दर सोमवारी "मग, कधी दिसणार टीव्हीवर?" याला उत्तर देत बसावं लागेल. एखादी जबाबदारी कमी मागायची असेल, आठवड्याचे काही दिवस घरून काम हवं असेल, तर ते बोलणं राजीनाम्याच्या तुलनेत फार सोपं आहे आणि तुम्ही अजून करूनच पाहिलेलं नाही. बिनपगारी दीर्घ रजा मिळते का, विचारा. मिळाली तर तीन महिन्यांत पूर्णवेळ नटाचं आयुष्य कसं असतं ते प्रत्यक्ष कळेल आणि परतीची वाटही उघडी राहील. शेवटी सोडलीत, तर कारण म्हणून 'वैयक्तिक' एवढं पुरे. नोटिस पिरियड पूर्ण करा, काम नीट सोपवा, आणि प्रकल्पानुसार सल्लागार म्हणून थोडं काम देता येईल का, हे साहेबांना निघण्याच्या महिनाभर आधी विचारून ठेवा.